टाळ्या खूप झाल्या, आता गाडी बनवणाऱ्या हातांना पासिंगचा रस्ता द्या

मित्रहो, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, पण शेवटपर्यंत वाचा. विषय गाड्यांचा आहे. शोरूममधल्या नव्हे, आपल्याच गावात पत्र्याच्या शेडखाली, वेल्डिंगच्या ठिणग्यांत तयार होणाऱ्या गाड्यांचा.

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात देवराष्ट्रे नावाचं गाव आहे. यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव म्हणून महाराष्ट्राला माहीत. याच गावाचं नाव डिसेंबर २०२१ मध्ये एका वेगळ्याच कारणाने देशभर झालं. दत्तात्रय लोहार नावाच्या कारागिराने भंगारातलं सामान गोळा करून मुलासाठी चारचाकी बनवली. दिसायला छोटी जीप, पण चालू करायची मोटरसायकलसारखी किक मारून. खर्च साधारण ६० हजार. व्हिडिओ व्हायरल झाला, थेट आनंद महिंद्रांपर्यंत पोचला. त्यांनी जाहीर कौतुक केलं आणि त्याच दमात हेही सांगितलं की ही गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या रस्त्यावर अडवली जाईल. म्हणून ती आम्हाला द्या, बदल्यात बोलेरो घ्या. जानेवारी २०२२ मध्ये लोहार कुटुंबाच्या दारात नवी बोलेरो आली.

गोष्ट गोड आहे. महिंद्रांनी दिलदारपणा दाखवला, त्यात शंका नाही. आपण सगळ्यांनी शेअर केली, टाळ्या वाजवल्या, "टॅलेंट आहे राव" म्हणालो आणि पुढच्या व्हिडिओकडे वळलो.

पण जरा थांबून बघा. त्या गोष्टीतली गाडी शेवटी रस्त्यावर आली का? नाही आली. रस्त्यावर आली कारखान्यातली बोलेरो. कारागिराच्या हातची गाडी कौतुकाची वस्तू झाली. तिला पासिंग मिळालं नाही, कारण पासिंग मिळण्याचा रस्ताच आपल्याकडे नाही. आणि प्रत्येक गावच्या कारागिराला महिंद्रा भेटतातच असं नाही. बाकीच्यांना आरटीओ भेटतो.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे गैरसमज नको. कुणीही काहीही जोडावं आणि हायवेवर आणावं, असं मी म्हणत नाहीये. माझं म्हणणं एवढंच आहे की हाताने गाडी बनवणाऱ्या माणसासाठी तपासणीचं एक दार असायला हवं. त्या दारातून जो पास होईल तो रस्त्यावर, जो नापास होईल तो शेडमध्ये. आज दारच नाही. त्यामुळे चांगला आणि वाईट, दोन्ही कारागीर एकाच रांगेत चोरासारखे उभे आहेत.

हे काम आपल्याकडे नवं नाही

गाडी "कस्टम" बनवणं म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर दिलीप छाब्रियांचं नाव येतं. १९९३ पासून त्यांच्या डीसी डिझाइनने मुंबई-पुण्यात श्रीमंतांच्या गाड्या आतून-बाहेरून बदलून दिल्या. २०१२ च्या दिल्लीच्या ऑटो एक्स्पोमध्ये 'अवंती' ही स्पोर्ट्स कार मांडली. त्याचं कौतुक आहेच. पण ऑर्डरप्रमाणे वाहन बनवण्याची विद्या त्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या गावगाड्यात होती.

बैलगाडी कोण बनवायचं? सुतार आणि लोहार. सुतार तुंबा, आरे आणि पाट्या जुळवायचा, लोहार धाव तापवून चढवायचा. धाव लालबुंद करायची, चाकावर बसवायची आणि वरून पाणी ओतायचं. लोखंड आकसलं की सगळं चाक मुठीत आवळल्यासारखं घट्ट. बैलाची उंची, रानाची वाट, काळी जमीन की मुरमाड, माल कडब्याचा की दगडाचा, हे सगळं बघून गाडी ठरायची. एका शेतकऱ्याची गाडी दुसऱ्याला तशीच्या तशी चालेल असं नव्हतं. याला आजच्या भाषेत कस्टम बिल्ड म्हणतात. देवराष्ट्रेच्या कारागिराचं आडनाव लोहार आहे, हा योगायोग मला उगाच वाटत नाही. बलुतं गेलं, भाता गेला, त्याजागी वेल्डिंग मशीन आणि ग्राइंडर आला. हात तेच आहेत.

पुढे एसटी आली. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर धावलेली पहिली एसटी लाकडी बॉडीची होती. त्यानंतर दापोडी, चिकलठाणा आणि नागपूरजवळ हिंगणा इथल्या एसटीच्या मध्यवर्ती कार्यशाळांनी कंपनीकडून नुसती चेसिस घ्यायची आणि त्यावर बॉडी आपल्या हाताने बांधायची, हा परिपाठ कित्येक वर्षं चालवला. आपण ज्या लाल डब्यातून शाळा-कॉलेज केलं तो डबा कुठल्या परदेशी कंपनीने नाही बनवला, आपल्याच फिटर, वेल्डर, पत्राकाम करणाऱ्या कामगारांनी बनवला. चाळिशीपुढच्या लोकांना आठवत असेल, हायवेवर नुसती चेसिस घेऊन जाणारे ड्रायव्हर दिसायचे. ना काच, ना छप्पर. तोंडाला गमछा, डोळ्यांना गॉगल, एका फळीवर बसून शेकडो किलोमीटर. ती उघडी चेसिस कुठल्यातरी बॉडी बिल्डरच्या शेडमध्ये जाऊन ट्रक किंवा बस होऊन बाहेर यायची.

आजही ऊस हंगामात आपल्या रस्त्यांवर ज्या ट्रॉल्या धावतात त्यातल्या किती तरी तालुक्याच्या वर्कशॉपमध्ये बनलेल्या आहेत. पाण्याचे टँकर, भाजीचे टेम्पो, वडापावच्या गाड्या, मंडप-डेकोरेशनवाल्यांच्या गाड्या, शववाहिका, सगळ्यांच्या बॉड्या इथेच बनतात. आणि निवडणुकीत? एकही पक्ष असा नाही ज्याने गाडी कापून, वाढवून, त्यावर रथ उभा केला नाही. एन. टी. रामारावांचा १९८२ चा 'चैतन्य रथम' ही जुन्या शेवरोलेची बदललेली व्हॅन होती. अडवाणींची १९९० ची रथयात्रा टोयोटाच्या गाडीवर सजवलेल्या रथातून निघाली. म्हणजे गाडी हाताने बनवण्याची कला पुढाऱ्यांना चालते, फक्त मिस्त्रीला चालत नाही!

कायदा काय म्हणतो

आता कायद्याचं बघू, कारण गावात याबद्दल फार अफवा आहेत.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने गाडी जशी बनवली आणि आरसी बुकात जशी नोंद आहे, त्यापेक्षा वेगळी करायची नाही. ठरावीक बदलांना परवानगी आहे, जसं मान्यताप्राप्त सीएनजी किट बसवणं किंवा मंजुरी घेऊन त्याच प्रकारचं इंजिन बदलणं. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात हे पुन्हा ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं. त्यानुसार परवानगीशिवाय बदल केला तर मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

हे झालं असलेल्या गाडीत बदल करण्याबद्दल. पूर्ण नवी गाडी बनवायची असेल तर? केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२६ आहे. गाडी बनवणाऱ्याने नमुना गाडी सरकारमान्य चाचणी संस्थेकडून तपासून घ्यायची. यात गंमत अशी की देशातल्या अशा मोजक्या संस्थांपैकी तीन आपल्या महाराष्ट्रात आहेत: पुण्याची एआरएआय, भोसरीची सीआयआरटी आणि अहिल्यानगरची व्हीआरडीई. देवराष्ट्रेहून पुणे काही तासांवर. पण ही व्यवस्था हजारो गाड्या काढणाऱ्या कंपन्यांसाठी आखलेली आहे. एकच गाडी बनवणाऱ्या माणसाने ६० हजाराच्या गाडीसाठी कंपनीएवढ्या चाचण्या कशा करायच्या? क्रॅश टेस्ट करायची तर गाडीच संपली की!

'जुगाड' गाड्यांबद्दलही स्पष्टता आहे. उत्तरेत पाण्याच्या पंपाचं इंजिन लाकडी साट्यावर बसवून माणसं वाहणाऱ्या गाड्या वर्षानुवर्षं चालल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलं की जुगाडही मोटार वाहनच आहे. नोंदणी, विमा, परवाना सगळं लागेल, नसेल तर कारवाई करा.

मला हा निकाल चुकीचा वाटत नाही. मी वीस वर्षं अपघातांच्या बातम्या करतोय. ब्रेक नसलेली गाडी कशी मारते ते शवविच्छेदनगृहाबाहेर उभं राहून बघितलंय. आणि विम्याचा मुद्दा आपल्याकडे कुणी नीट समजून घेत नाही. नोंदणी नाही म्हणजे थर्ड पार्टी विमा नाही. अशा गाडीखाली एखादा मजूर आला तर न्यायाधिकरण भरपाईचा आदेश देईलही, पण भरणार कोण? गाडीवाल्याकडे असतं काय? एक पत्र्याचं शेड आणि थकलेलं कर्ज. म्हणजे मेलेल्याचं घर उघड्यावर आणि मारणाऱ्याचंही.

म्हणूनच म्हणतो, नोंदणी हवी. पण नोंदणी हवी असं म्हणायचं आणि नोंदणीचा फॉर्मच ठेवायचा नाही, हे कसं चालेल?

आमच्या गावचा मिस्त्री

आमच्या तालुक्याच्या गावात बायपासला एक गॅरेज आहे. मिस्त्रीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. कौतुकाने लिहायचो आणि उद्या त्याच्या दारात नोटीस यायची. दहावी नापास, वय पन्नाशीचं. स्कूटरला मागे दोन बाजूंना आधाराची चाकं लावून देणं ही त्याची खासियत. पाय अधू असलेल्या लोकांसाठी.

मी एकदा दुपारभर त्याचं काम बघत बसलो होतो. गिऱ्हाईक आलं की तो आधी गाडीकडे बघत नाही, माणसाकडे बघतो. कुठला पाय, किती जोर, कुबडी कुठे ठेवणार, सीटवर कसं चढणार, घराच्या गेटची रुंदी किती. मग जमिनीवर खडूने रेघा मारतो. चाकं किती बाहेर घ्यायची यावर त्याचं मोठं गणित आहे. "जास्त बाहेर घेतली तर गल्लीत बसत नाही, कमी घेतली तर वळणावर गाडी पडती," असं म्हणाला. बाजूच्या चाकांना तो नुसता रॉड वेल्ड करत नाही, स्प्रिंग देतो. का? "खड्ड्यात एक चाक गेलं तर मधलं चाक उचललं जातं. मधलं उचललं की ब्रेक गेला." हे ऐकल्यावर मी वहीत लिहून घेतलं. कारण हीच गोष्ट इंजिनिअरिंगच्या पुस्तकात दोन पानं भरून आकृतीसकट असते.

त्याच्याकडून एका ताईंनी स्कूटर करून घेतली होती. दोन्ही पायांना लहानपणी पोलिओ झालेला, शिवणकामावर घर चालवतात. आधी बाजारात जायचं तर रिक्षा, म्हणजे कमाईतला मोठा हिस्सा तिथेच. स्कूटर आली आणि त्या स्वतः कापड आणायला, शिवलेलं पोचवायला जाऊ लागल्या. मग एकदा नाकाबंदीत अडवलं. आरसीवर दुचाकी आणि समोर चारचाकं. दंड झाला. त्या नियमाप्रमाणे नोंद करून घ्यायला जिल्ह्याच्या ठिकाणी गेल्या, तीन चकरा झाल्या. मी एका चकरेला सोबत गेलो. तिथले अधिकारी वाईट नव्हते. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. शेवटी एवढंच म्हणाले, "ताई, काम चांगलं केलंय, मला दिसतंय. पण हे कुणी बनवलं, त्याला मान्यता कुणाची? कागद कुठला लावू?"

आता बघा, कायदा या ताईंच्या विरोधात नाही. कलम ५२ मध्येच तरतूद आहे की दिव्यांग व्यक्तीच्या वापरासाठी गाडीत बदल करता येतो आणि नंतर नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी घेता येते, फक्त केंद्राने ठरवलेल्या अटी पाळायच्या. म्हणजे दिल्लीत दार उघडं आहे. पण ते दार आणि आमच्या बायपासचं गॅरेज यांच्यामध्ये जो पूल लागतो, तो नाही. मिस्त्रीचं काम तपासून "हे सुरक्षित आहे" असं लिहून देणारा माणूस तालुक्यात नाही, जिल्ह्यात शोधावा लागतो. मग ताई काय करतात? मुख्य रस्ता सोडून आतल्या गल्ल्यांतून जातात. विमा काढलाय, पण अपघात झाला तर कंपनी काय म्हणेल याची धास्ती वेगळी.

तेच काम कॉलेजात केलं की प्रोजेक्ट

मध्य प्रदेशात पिथमपूरला २००७ पासून 'बाजा' नावाची स्पर्धा भरते. इंजिनिअरिंगची मुलं स्वतः पाईप वाकवून, वेल्ड करून एका माणसाची खडबडीत रस्त्यावरची गाडी बनवतात आणि पळवतात. महाराष्ट्रातल्या कॉलेजांचा त्यात दबदबा आहे. फार चांगला उपक्रम आहे. तिथे गाडी मैदानात उतरण्याआधी कडक तपासणी होते: पाईपची जाडी, सांधे, ब्रेक दाबला की चारही चाकं जाम होतात का, उलटली तर चालक वाचेल का. नापास झाली की दुरुस्त करा, परत रांगेत या.

हेच तर मी मागतोय! ज्या देशात वीस वर्षांच्या पोरांनी बनवलेली गाडी तपासायची पद्धत आपण बसवू शकतो, तिथे तीस वर्षं वेल्डिंग करणाऱ्या माणसाची गाडी तपासता येणार नाही? पोरांनी केलं तर इनोव्हेशन, मिस्त्रीने केलं तर जुगाड. फरक हाताच्या कौशल्यात नाही, गळ्यातल्या आयकार्डात आहे.

गुजरातच्या अमरेली जिल्ह्यातले मनसुखभाई जगाणी यांचं उदाहरण घ्या. मोटरसायकलला मागे अवजार जोडून त्यांनी शेतीची मशागत करणारी 'बुलेट सांती' बनवली. प्रा. अनिल गुप्तांच्या हनी बी नेटवर्कने आणि राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने त्यांना शोधलं, हात दिला. त्या यंत्राला भारतातच नाही, अमेरिकेतही पेटंट मिळालं. कुणीतरी कागदाची बाजू सांभाळली की कारागीर कुठवर जातो, ते इथे दिसतं.

दुसरी बाजूही मांडतो

आता काही जण म्हणतील, पत्रकारसाहेब, गाडीत बदल करणाऱ्यांनी रस्त्यावर काय धुमाकूळ घातलाय तो दिसत नाही का? दिसतो. बुलेटचा सायलेन्सर बदलून रात्री अकराला हॉस्पिटलसमोर फटाके फोडणारी पोरं आमच्याही गावात आहेत. पोलिसांनी त्या सायलेन्सरवर रोलर फिरवला तेव्हा मी स्वतः फोटो काढून छापलाय. डोळे दिपवणारे एलईडी, डीजेच्या भिंती, नंबर प्लेटवर 'दादा', याला मी कारागिरी मानत नाही. बाजारातून आणलेला पार्ट पाना फिरवून बसवणं आणि वाहन घडवणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

त्याहून गंभीर मुद्दा बसचा. समृद्धी महामार्गावर १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली, २५ माणसं गेली. त्याआधी ऑक्टोबर २०२२ मध्ये नाशिकला बसच्या आगीत माणसं जळाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये जैसलमेरजवळ बस पेटली, वीसहून जास्त बळी गेले; साधी बस नंतर एसी केल्याची बाब तेव्हा चर्चेत आली. आग कशाने लागली हे दर वेळी वेगळं असतं. पण माणसं बाहेर का पडू शकली नाहीत, हा प्रश्न बॉडीचा असतो. दार कुठे, संकटकालीन खिडकी कुठे, मधली वाट किती रुंद, आतलं फोम आणि कापड किती पटकन पेटतं, वायरिंग कुठल्या जाडीचं. बस बॉडीसाठी एआयएस-०५२ नावाचं मानक आहे, बॉडी बिल्डरला मान्यता घ्यावी लागते. तरी मालक सांगतो "दोन बर्थ वाढव," आणि बॉडी बिल्डर वाढवतो, कारण त्याने नाही म्हटलं तर शेजारचा करून देणार असतो.

म्हणजे आपल्याकडे उलटं चाललंय. चाळीस माणसं वाहणाऱ्या बसच्या बाबतीत जिथे डोळ्यात तेल घालून बघायला हवं, तिथे कागद पूर्ण असला की बस सुटते. आणि एका ताईच्या तीस किलोमीटर वेगाच्या स्कूटरला कागद नाही म्हणून अडवलं जातं. तपासणी कागदाची होते, गाडीची होत नाही.

दुसरीकडे कसं करतात

ब्रिटनमध्ये एकट्याने गाडी बनवण्याची जुनी परंपरा आहे. लोटस कंपनीचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांनी १९४८ मध्ये जुन्या ऑस्टिन सेव्हनवरून पहिली गाडी एका छोट्या गॅरेजात बनवली होती. तिथे आजही घरी गाडी बनवणारे हजारो हौशी लोक आहेत. त्यांच्यासाठी एकेका गाडीच्या मंजुरीची व्यवस्था आहे, २००९ पासून ती आयव्हीए नावाने चालते. निरीक्षक गाडीभोवती फिरतो, खाली शिरतो. ब्रेक, स्टिअरिंग, सीट आणि बेल्टची पकड, दिवे, आरसे, धूर, आवाज, कुठे धारदार कडा बाहेर आली आहे का, एकेक बघतो. पास झाली तर नंबर. नापास झाली तर कारणांची यादी हातात, दुरुस्त करून परत या. गाडी कोणी बनवली, त्याचं शिक्षण किती, हा प्रश्न नाही. गाडी काय सांगते, तेवढंच.

"ते परदेशात, आपल्याकडे जमणार नाही," असं म्हणू नका. आपल्याकडे जमलेलं आहे. ई-रिक्षाचं आठवतंय? फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशींनी विजेवरच्या रिक्षाचं काम फार आधी केलं होतं. पुढे उत्तरेत सुट्या भागांतून जोडलेल्या ई-रिक्षा लाखोंनी रस्त्यावर आल्या, कायद्यात त्यांना जागाच नव्हती. जुलै २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने बंदी घातली. मग काय झालं? मार्च २०१५ मध्ये संसदेने कायदाच दुरुस्त केला. ई-रिक्षाची व्याख्या आली, वेगाला ताशी २५ किलोमीटरची मर्यादा आली, प्रवासी किती ते ठरलं, परवाना आला. बेकायदा असलेली गाडी काही महिन्यांत कायदेशीर झाली. कारण तिच्यामागे लाखो मतं होती. मिस्त्रीमागे मतं नाहीत, एवढाच फरक.

मग मागायचं काय?

नुसती टीका करून थांबणं मला पटत नाही. म्हणून चार मागण्या लिहितो. आपल्या आमदार-खासदारांपर्यंत पोचवा.

१. एकेका गाडीच्या मंजुरीची पद्धत सुरू करा. सुरुवात मर्यादित ठेवा. वेग कमी, हायवे बंद, भाड्याने प्रवासी नेणं बंद. मागे मोठ्या अक्षरात पाटी, 'हस्तनिर्मित वाहन'. आणि थर्ड पार्टी विमा सक्तीचा.

२. तपासणी जिल्ह्यात आणा. एआरएआय, सीआयआरटीने तीन महिन्यांतून एकदा जिल्ह्याच्या ठिकाणी शिबिर घ्यावं. सोबत तिथल्या पॉलिटेक्निकचे ऑटोमोबाईलचे प्राध्यापक घ्यावेत. नेत्रतपासणीची शिबिरं होतात, मग गाडी तपासणीची का नाही? पहिलं शिबिर दिव्यांगांच्या गाड्यांचं करा. यासाठी कायदा बदलायचीही गरज नाही, तरतूद आहेच.

३. आयटीआयमध्ये या मिस्त्रींना बोलवा, शिकायला आणि शिकवायलाही. वेल्डर, पत्राकाम, मोटर मेकॅनिक हे ट्रेड तिथे आहेतच. वर्षानुवर्षं काम केलेल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सरकारी योजनाही आहे. मिस्त्रीला हातातलं कौशल्य आहे, पण पोलादाची प्रत, वेल्डची ताकद, वायरिंगची जाडी यांचं शास्त्र त्याला कुणी सांगितलेलं नाही. ते सांगा. वीस दिवसांत माणूस कुठल्या कुठे जाईल.

४. प्रत्येक हातबांधणीच्या बॉडीवर बनवणाऱ्याचं नाव आणि नंबर असलेली धातूची पट्टी सक्तीची करा. बस असो, टँकर असो की उसाची ट्रॉली. काम चांगलं असेल तर त्याची जाहिरात होईल, वाईट असेल तर जबाबदारी पळून जाणार नाही. आज अपघात झाला की ड्रायव्हर सापडतो, मालक सापडतो, बनवणारा कधीच सापडत नाही.

यातल्या पहिल्या मागणीला दिल्लीत जावं लागेल, मला माहीत आहे. पण दुसरी आणि तिसरी मागणी जिल्हाधिकारी, आरटीओ आणि आयटीआयचे प्राचार्य एका टेबलावर बसले तर याच वर्षी होऊ शकते. त्याला मोठा निधी लागत नाही, मनावर घ्यावं लागतं.

शेवटी एकच. आपल्या भागातली तरुण पोरं पुण्या-चाकणला जाऊन कंपनीत कंत्राटी म्हणून तेच एक नट दिवसभर आवळतात. आणि गावात जो माणूस अख्खी गाडी उभी करू शकतो त्याच्या शेडमध्ये हाताखाली यायला पोरगं मिळत नाही. का येईल? ज्या कामाला प्रतिष्ठा नाही, कागद नाही, वर नोटिशीची भीती आहे, ते कोण शिकेल? आणखी दहा-पंधरा वर्षांनी हे मिस्त्री थकतील आणि ही विद्या त्यांच्याबरोबरच जाईल. मग आपण जुने व्हिडिओ बघत बसू आणि "काय टॅलेंट होतं राव" म्हणू.

तुमच्या गावात असा कुणी कारागीर असेल तर कमेंटमध्ये गावाचं नाव आणि तो काय बनवतो एवढंच लिहा. माणसाचं नाव, गाडीचा नंबर, फोटो टाकू नका, त्याला त्रास व्हायला नको. ज्या दिव्यांग बांधवांच्या गाडीची नोंद अडकली आहे त्यांनी इनबॉक्समध्ये सांगा. यादी झाली की आपण सगळे मिळून निवेदन घेऊन जाऊ. तारीख इथेच कळवतो.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर खाली भांडा, पण मुद्द्यावर भांडा.